खरखर बंद, पुणे केंद्र सुरू!

तुमचा जुना डेस्कटॉप सध्या काय करतोय? तोच, पहिल्या नोकरीच्या पगारातून हौसेने घेतलेला. पुढे लॅपटॉप आला, वन बीएचकेमध्ये जागा पुरेना आणि एका शनिवारी त्या डेस्कटॉपची रवानगी थेट गावी झाली. आता त्याच्यावर विणलेला रुमाल, रुमालावर गणपती आणि शेजारी आण्णांचा ट्रान्झिस्टर. वर्षातून दोनदा तो चालू होतो. एकदा सातबारा बघायला आणि एकदा भाचीच्या प्रोजेक्टसाठी!

आणि ट्रान्झिस्टर? तो बिचारा रोज चालू असतो, पण आण्णा बातम्या कमी आणि खरखरच जास्त ऐकतात.

आता गंमत अशी की, या दोघांचं लग्न लावून देता येतं. खर्च शून्य, वेळ अर्धा तास. फक्त एक मीडिया प्लेअर हवा आणि थोडी उस्तवार करायची तयारी हवी.

डोंगर आडवा येतो

समजा, तुमचं गाव मढ. कल्याणहून माळशेज घाट चढून वर आलात, पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसायला लागलं की आलंच समजा. जुन्नर तालुक्याचा हा कोपरा पावसाळ्यात फोटो काढायला एकदम झकास! पण रेडिओसाठी? एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये सह्याद्रीची एखादी रांग आली की त्यांचं काही चालत नाही. शंभरेक किलोमीटरवरच्या पुण्यात गाडीत खणखणीत वाजणारं स्टेशन इथे डोंगराआड हरवतं.

मीडियम वेव्हचं तसं नाही. त्या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, म्हणून तर आपल्या आजोबांच्या पिढीने पुणे केंद्र गावोगावी ऐकलं. पण आता घरात काय काय आलंय बघा... एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. यातली बरीच उपकरणं मीडियम वेव्हच्या पट्ट्यातच गोंगाट करतात. स्टेशन तिथेच असतं, पण ऐकू येते ती खरखर.

यातला विनोद सांगू? याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही जगातली एक नावाजलेली रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! मानवनिर्मित रेडिओ गोंगाट इथे कमी, हेही ही जागा निवडण्यामागचं एक कारण होतं. आकाशगंगेपलीकडचे संदेश टिपणाऱ्या तालुक्यात आण्णांना मात्र सकाळच्या बातम्या नीट लागत नाहीत. बोला!

नळ, पाइप आणि पिंप

इंटरनेटवरून येणाऱ्या रेडिओला डोंगर आडवा येत नाही. त्याचा फंडा एकदम सोप्पा आहे. गाणं डाउनलोड करणं म्हणजे अख्खा टँकर दारात उभा करणं. स्ट्रीमिंग म्हणजे नळ. पाणी येत राहतं, तुम्ही वापरत राहता, साठवत काहीच नाही. पण नळाची धार कमीजास्त होते, म्हणून आई नळाखाली पिंप ठेवते ना? मीडिया प्लेअरही तेच करतो. काही सेकंदांचा आवाज आधी भरून ठेवतो आणि मग वाजवतो. याच पिंपाचं नाव बफर. पिंप रिकामं झालं की आवाज तुटतो.

ज्यांनी सायबर कॅफेत तासाला पैसे मोजलेत, त्यांना 'बफरिंग' हा शब्द वेगळा शिकवायला नको. १९९५ मध्ये रिअलऑडिओ आलं आणि नेटवर थेट ऐकणं शक्य झालं. १९९७ मध्ये विनअँप आला. ते हिरवे आकडे आणि नाचणारे पट्टे आठवतात का? त्यापाठोपाठ आलेल्या शाउटकास्टमुळे कुणालाही घरच्या कम्प्युटरवरून आपलं स्टेशन चालवता येऊ लागलं. फक्त आपल्याकडचं डायलअप कनेक्शन मध्ये घसा खाकरत बसायचं!

आणि नारिंगी कोनवाला व्हीएलसी? आपण त्याला सिनेमे बघायचा प्लेअर समजतो. पण पॅरिसच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी तो प्रोजेक्ट सुरू केला, तेव्हा विषयच स्ट्रीमिंगचा होता. उपग्रहावरून आलेला टीव्ही कॅम्पसच्या नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत पोहोचवायचा. २००१ पासून तो मुक्त सॉफ्टवेअर आहे. फुकट, आणि जाहिरातींचा त्रास नाही.

चला, जोडून टाकू

या सुट्टीत गावी गेलात की एवढं करा.

आधी व्हीएलसी त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. २०२२ मध्ये ही साइट भारतात काही महिने ब्लॉक होती, नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली. भलत्या साइटवरून घेतलेल्या प्लेअरसोबत भलतेच पाहुणे घरात शिरतात.

आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर या सेवेतून पुणे केंद्रासह देशभरातल्या दोनशेहून जास्त वाहिन्या नेटवर ऐकायला मिळतात. तिथल्या प्रक्षेपणाचा थेट पत्ता मिळाला (तो बहुतेकदा 'एम३यू८'ने संपतो) की व्हीएलसी उघडा, कंट्रोल आणि एन दाबा, पत्ता चिकटवा, प्ले करा. वाजलं?

आता खरी खुबी. आण्णांना दर वेळी पत्ता चिकटवायला सांगणार का? नाही. कंट्रोल आणि वाय दाबून ती प्लेलिस्ट डेस्कटॉपवर सेव्ह करा. नाव द्या 'पुणे केंद्र', चक्क मराठीत. दुसरी करा 'विविध भारती'. दोनदा क्लिक केलं की स्टेशन लागलं. त्याहून सोपं हवं असेल, तर ती फाइल विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये टाका. कम्प्युटर सुरू केला की रेडिओ आपोआप सुरू. अगदी बटण फिरवल्यासारखं!

गावाकडच्या नेटची धार बारीक असेल, तर पिंप मोठं करा. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क कॅशिंग' मूळचं १००० मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंद असतं. ते ५००० करा. स्टेशन लागायला जरा उशीर होईल, पण आवाज तुटायचा कमी होईल.

डेटाची काळजी? ६४ केबीपीएसचा रेडिओ तासाला साधारण २९ एमबी खातो. रोज तीन तास ऐकला तरी महिन्याला अडीच जीबीच्या आसपास. भाची दोन दिवसांत रील्स बघून एवढा उडवत असेल!

एक सूचना मात्र आण्णांना आवर्जून द्या. तासाच्या ठोक्यांवर घड्याळ लावू नका म्हणावं. नेटवरचा आवाज भरून, बांधून, मग पाठवला जातो, त्यामुळे तो काही सेकंद मागेच असतो.

एवढी खटपट कशाला?

तुम्ही म्हणाल, यूट्यूब लावून दिलं की झालं! तेही आहेच. पण यूट्यूबवर आण्णांनी एक अभंग लावला की तिसऱ्या व्हिडिओला भलताच बाबा समोर येतो, पाचव्याला सांधेदुखीचं तेल. पुढे काय लागणार हे तिकडचं मशीन ठरवतं. रेडिओवर ते केंद्रातला माणूस ठरवतो, तेसुद्धा सगळ्यांसाठी एकच. २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेल्या पुणे केंद्रावरून १९५५ मध्ये गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर आठवड्यागणिक एकेक गाणं करत ५६ गाणी प्रसारित झाली. लोक त्या वेळेची वाट बघायचे. सगळं घर, सगळी आळी एकाच वेळी एकच गोष्ट ऐकतेय, ही मजा आपल्या हेडफोनवाल्या पिढीने जवळपास गमावलीय. आण्णांनी अजून नाही.

आणखी एक. मढला आण्णा आणि कोथरूडला तुम्ही, दोघं एकाच सकाळी तेच पुणे केंद्र ऐकू शकता. फोनवर 'जेवलास का?' 'हो' याच्यापुढे विषय जात नाही अशी घरं कमी नाहीत. 'सकाळचं ते नाट्यगीत ऐकलं का?' एवढ्यानेही दहा मिनिटं निघतात. करून बघा.

आता दुसरी बाजूही ऐका. ट्रान्झिस्टर फेकू नका! पावसाळ्यात माळशेजला दरड कोसळते, वीज जाते, टॉवर गप्प होतो. अशा वेळी नेटही नाही आणि कम्प्युटरही नाही. दोन सेलवर चालणारा डबा तेव्हाच कामाला येतो, आणि वीज गेल्यामुळे बल्ब-चार्जरची खरखरही गेलेली असते. शिवाय हवेतून येणाऱ्या रेडिओला श्रोता वाढला म्हणून खर्च वाढत नाही, आणि कोण काय ऐकतंय याची नोंदही होत नाही. नेटवर दोन्ही होतं.

शिवाय नेटवरचे पत्ते बदलतात. स्टेशन तेच, पण सर्व्हर नवा, आणि तुमची ती देखणी 'पुणे केंद्र' फाइल एका सकाळी मुकी होते. मग हमखास फोन येतो, "आरं, तुझं ते पुणे केंद्र काय लागंना बघ!"

तेव्हा मीटिंगमध्ये असाल तरी वैतागू नका. नवा पत्ता शोधा, भाचीला पाठवा, तिला आण्णांशेजारी बसून तो बदलायला सांगा. आणि पुन्हा स्टेशन लागलं की लगेच फोन ठेवू नका. काय लागलंय ते जरा ऐका.