गोळ्यांचा खाडा नको

दिवाळी झाली की बारामतीतल्या माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापुरातल्या भवानीनगर, बिजवडी इथल्या साखर कारखान्यांच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. हंगाम साधारण पाच महिन्यांचा, तर फुप्फुसाच्या क्षयरोगावरचे नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे. म्हणजे इथल्या मुक्कामात ज्याचे निदान झाले, त्याच्या गोळ्या बहुधा गावी परतल्यावरच संपणार.

खरी अडचण त्याआधीच सुरू होते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते आणि अंधारात कोयता घेऊन फडाकडे निघालेल्या माणसाच्या गोळ्या कोपीतच राहतात. जंतू मात्र पुरते मेलेले नसतात. उपचार अर्धवट सुटले की ते औषधांना दाद देईनासे होऊ शकतात.

म्हणून काही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगायला हव्यात. यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी नारिंगी होते. ते रक्त नव्हे. मळमळ झाली तर गोळ्या मनाने बंद करू नयेत, आशाताईंना सांगावे. डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

गाव बदलले तरी रुग्णाच्या नोंदणीचा निक्षय क्रमांक तोच राहतो आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत उपचार पुढे चालू ठेवता येतात. पोषण आहारासाठीची मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाली आहे. ती थेट बँक खात्यात जमा होते. तेव्हा मुकादमाने परतीची तारीख सांगितली की आधी आरोग्य केंद्रात कळवा आणि पुढच्या गोळ्या सोबत घ्या.

चौकशीसाठी टोल-फ्री क्रमांक : १८००-११-६६६६.