अभयदान कोणाच्या शेतावर?

हरभरा घाट्यांवर आला की कळसाडीसारख्या गावात शेतकऱ्याची रात्र राखणीत जाते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत शेत उकरून टाकतो. नीलगाय (नावाने गाय, प्रत्यक्षात गाय नव्हे) खाते त्याहून अधिक तुडवते. जुलै 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने पिकांची नासाडी करणाऱ्या या दोन्ही प्राण्यांना वनखात्याच्या परवानगीने मारण्याची मुभा दिली. पुढच्याच वर्षी बिहारमध्ये मोकामा येथे बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगाई टिपल्या, तेव्हा प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी हे केंद्रातील दोन मंत्रीच जाहीरपणे परस्परांविरुद्ध उभे राहिले.

पंचेंद्रिय जीवाचा वध आपल्याला निषिद्ध, यात वाद नाही. परंतु ज्याच्या मालावर आपली पेढी चालते, त्याने एकट्याने आपल्या दयेचे मोल का भरावे? भरपाई मिळते, तीही अर्ज-पंचनाम्याच्या फेऱ्यांनंतर. सौर कुंपणाचा झटका जीव घेत नाही, जनावर माघारी फिरते. त्यास सरकारी अनुदान आहे. उरलेला हिस्सा मात्र लहान शेतकऱ्यास जड जातो. पर्युषणात जीवदयेच्या खात्यात आपण रक्कम लिहवतो. तिचा काही भाग, पांजरापोळीचा वाटा न तोडता, यंदा या कुंपणांसाठी लिहवावा, असा प्रस्ताव संघापुढे ठेवावासा वाटतो.