पेटीच्या आत आणि पेटीवर

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीस निघालेल्या एका वसतिगृहवासी विद्यार्थ्याची ट्रंक आम्ही उघडावयास लावली. तीत दोन सुती चादरींच्या घडीत फटाक्यांचा पुडा नीट गुंडाळून ठेवलेला होता आणि शेजारी आगपेटी होती. “सर, गाडीत धक्के बसतात, म्हणून मऊ कपड्यात ठेवले,” असे त्याने सांगितले. मुलगा हूड नव्हे, काळजी घेणाराच. परंतु धक्का टाळण्याच्या भरात आपण दारूभोवती सरपण रचले, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली, तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. एप्रिल १९४४ मध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यावर सुमारे १,४०० टन युद्धोपयोगी स्फोटके होती. आणि वाटेत कराचीस त्यात कापसाचे हजारो गठ्ठे चढविण्यात आले होते. एकाच कोठारात खाली कापूस व वर स्फोटके! कापसाचा दाबून बांधलेला गठ्ठा एकदा पेटला, की आतल्या आत धुमसत राहतो व पाणी त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. दि. १४ रोजी दुपारी धूर दिसला. बंबांनी पाण्याचा मारा चालविला. तथापि चार वाजून गेल्यावर पहिला व सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे प्राणांस मुकली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस आजही देशभर पाळला जातो.

म्हणून धोक्याचा माल बांधताना पहिला प्रश्न शेजाराचा. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनी अशा मालाचे नऊ वर्ग पाडले आहेत व कोणता वर्ग कोणाजवळ ठेवू नये, हे ठरविले आहे. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील नत्राम्लाचेच पाहा. काचेची बाटली फुटू नये म्हणून पेटीत लाकडाचा भुसा भरावा, असे कोणासही वाटेल. पण बाटली गळलीच, तर तीव्र नत्राम्लाने तो भुसा पेट घेऊ शकतो. तेथे न जळणारेच भरण हवे. द्रवाचे भांडेही काठोकाठ भरावयाचे नसते. उन्हाने द्रव फुगतो व त्यास जागा लागते. बांधलेली पेटी पुरेशी मजबूत आहे की नाही, हे नमुन्याची पेटी खरोखरच खाली टाकून पाहतात: अत्यंत धोक्याच्या मालासाठी १.८ मीटर, मध्यम धोक्याच्या मालासाठी १.२ मीटर आणि सौम्य धोक्याच्या मालासाठी ०.८ मीटर उंचीवरून.

दुसरा प्रश्न पेटीवरील अक्षरांचा. रस्त्याने जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरवर १२०३ हा आकडा आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. तो पेट्रोलचा जागतिक क्रमांक होय. टँकर उलटला, तर चालकाची भाषा न जाणणाऱ्या बंबवाल्यासही आत काय आहे, ते कळते. मात्र ही अक्षरे खरी हवीत. दि. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत मायामीहून उडालेल्या एका विमानात प्राणवायू निर्माण करणाऱ्या जुन्या नळ्यांचे खोके चढविले होते. त्या नळ्यांच्या चापांवर सुरक्षेची टोपणे बसविलेली नव्हती, आणि कागदावर त्या ‘रिकाम्या’ असल्याचे लिहिले होते. त्या रिकाम्या नव्हत्या. जवळच विमानाचे टायर होते. आग लागून ते विमान दलदलीत कोसळले व त्यातील सर्व ११० माणसे मरण पावली. एक खोटा शब्द, मग तो अजाणतेपणी का लिहिलेला असेना!

पालकांपैकी जे विमानाने प्रवास करतात, त्यांस पॉवर बँक सामानात न देता हाती ठेवावयास सांगतात, त्याचे कारणही असेच आहे. माणसांदेखत धूर निघाला, तर तो विझविता येतो. खालच्या सामानघरात तो कोणास दिसणार? रेल्वेत फटाके, रॉकेल, गॅसची टाकी नेण्यास बंदी आहे, आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे धोक्याचा माल बेकायदा नेणारास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम आम्ही त्या विद्यार्थ्यास वाचून दाखविले. त्याने विचारले, “मग दुकानात फटाके येतात कसे?” प्रश्न चोख होता. ते वेगळ्या वाहनाने, परवान्याने, आपल्या वर्गाची खूण अंगावर घेऊन येतात, असे आम्ही सांगितले.

त्याचा पुडा आम्ही बादलीभर पाण्यात बुडविला. त्याचे त्यास अद्याप वाईट वाटते.