क्यूट आहे, पण…

कुत्र्याएवढ्या घोड्याचं रील बघून तुम्हीही 'सो क्यूट' म्हणत शेअर केलं असेल ना? अमेरिकेत या मिनिएचर घोड्यांचे रीतसर शो भरतात. १९७८ पासूनच्या तिथल्या संघटनेची अट आहे, उंची जास्तीत जास्त ३४ इंच. मोजायची कुठे, तर आयाळीच्या शेवटच्या केसापाशी! पण नुसतं बुटकं असून भागत नाही, अंगकाठी मोठ्या घोड्यासारखीच हवी.

खरी गोची ब्रीडिंगमध्ये आहे. खुजेपणाचा जीन लपून राहतो. धडधाकट दिसणाऱ्या दोन वाहकांची जोडी लावली, की शिंगरू खुजं जन्मायची शक्यता २५ टक्के. मग वाकडे पाय, न जुळणारा जबडा. डीएनए टेस्ट आहे, तरी 'अजून छोटं' हवंच! गिनीजमधली साडेसतरा इंचांची थंबेलिनाही खुजीच होती. तिच्या पायांना ऑर्थोपेडिक आधार लावावा लागायचा.