लाईट ऑफिस गावातून गेलं तर? पोच मात्र सोडू नका

(या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा नियमांचे आकडे नीट टिपून घ्यायचे आहेत, त्यांच्यासाठी. बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय.)

मी सानगडीचा. भंडारा जिल्हा, साकोली तालुका, किल्ल्याचं आणि धानाचं गाव. आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल, पण पाच मिनिटं थांबा. प्रश्न असा आहे की लहान गावातलं ऑफिस बंद होतं किंवा तालुक्याला जातं, तेव्हा नेमकं काय बंद होतं? लाईट ऑफिस घ्या, बिल भरायची खिडकी घ्या, टेलिफोनचं ऑफिस घ्या.

आपल्या वयाच्या पोरांचं उत्तर ठरलेलं असतं: "काय फरक पडते? अ‍ॅप आहे ना." मलाही तसंच वाटायचं. मग घरी एक गोष्ट घडली.

बाबांनी एका ऑफिसात अर्ज दिला. कुठल्या ते सोडा. समोरच्या माणसाने कागद घेतला, "होऊन जाईल" म्हणाला, बाबा घरी आले. दोन महिन्यांनी पुन्हा गेले, तर उत्तर मिळालं की असा अर्जच आलेला नाही. बाबा म्हणाले, "मी त देलो होतो ना जी!" पण दिला होता हे दाखवायला हातात काहीच नव्हतं. पुन्हा नवा अर्ज, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. त्या दिवशी मला कळलं की ऑफिसातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे तारखेचा शिक्का.

तार बंद झाली तेव्हाची गोष्ट

हे नीट समजायला थोडं मागे जाऊ. 14 जुलै 2013. बीएसएनएलने तार सेवा बंद केली, तो तिचा शेवटचा दिवस. 1850 मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर अशी पहिली लाइन सुरू झाली होती. म्हणजे 160 वर्षांहून जास्त चाललेली सेवा. शेवटच्या दिवशी मोठ्या शहरांतल्या तार ऑफिसांत लोकांनी आठवण म्हणून तारा पाठवायला रांगा लावल्या.

बंद करण्याचं कारण सरळ होतं. निरोप पाठवायला आता फोन होता, एसएमएस होता, आणि तार सेवा तोट्यात होती. निरोपापुरतं बघितलं तर कोणाचं काही अडलं नाही.

पण तारेचा आणखी एक उपयोग होता. घरातल्या माणसाला पोलिसांनी रात्री उचललं, तर नातेवाईक न्यायालयाला किंवा मोठ्या अधिकाऱ्याला तार करायचे. तारेवर तारीख आणि वेळ असायची. पुढे कोणी म्हणालं की अटक नंतर झाली, तर ती तार पुरावा म्हणून उभी राहायची. सरकारी तिसऱ्या माणसाकडची नोंद होती ना ती.

म्हणजे निरोपाची सोय फोनने भरून काढली. नोंदीची सोय आपोआप भरून निघाली नाही, ती लोकांना दुसरीकडे शोधावी लागली. आता हेच लाईट ऑफिसला लावून बघा.

लाईट ऑफिस तीन कामं करतं

आपल्याकडे अजून सगळे "एमएसईबी" किंवा "बोर्ड"च म्हणतात. खरं तर 1960 मध्ये स्थापन झालेलं ते मंडळ 6 जून 2005 ला विभागलं गेलं. वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या लाइनवरून वाहून नेणारी महापारेषण आणि आपल्या घरापर्यंत आणणारी महावितरण. आपला संबंध येतो तो महावितरणशी.

पहिलं काम, पैसे घेणं. हे फोनवर मस्त होतं. उलट 1 ऑगस्ट 2023 पासून रोखीने बिल भरायला महिन्याला 5,000 रुपयांची मर्यादाच आहे, शेतीच्या बिलाला 10,000. पावती मोबाईलमध्ये राहते. इथे खिडकी गेल्याचा त्रास मुख्यतः आजी-आजोबांना आणि साधा फोन असलेल्यांना. त्यांचं बिल आपण भरून देऊ शकतो.

दुसरं काम, दुरुस्ती. त्यात ऑफिसच्या इमारतीपेक्षा लाईनमन कुठे राहतो हे महत्त्वाचं. रोवणीच्या दिवसांत डीपी जळाली, तर लाईनमन गावात असणं आणि तालुक्याहून येणं यात किती फरक पडतो, हे शेतकऱ्याला विचारा.

तिसरं काम म्हणजे तक्रार घेणं आणि पोच देणं. ऑफिस गेलं की हे काम सगळ्यात आधी हरवतं. कारण मग तक्रार फोनवर होते. "साहेबांना सांगितलंय", "लाईनमनला कॉल केलाय". त्या कॉलची नोंद कुठेच नसते.

पोच नसली तर घड्याळच सुरू होत नाही

हा या भागातला मुख्य मुद्दा. आपले हक्क ऑफिसच्या पाटीवर अवलंबून नाहीत, ते वीज कायदा 2003 मध्ये आहेत. ऑफिस सानगडीत असो, साकोलीत असो की भंडाऱ्याला, ते तसेच राहतात. पण बहुतेक हक्कांना मुदत आहे, आणि मुदत मोजायला सुरुवातीची तारीख लागते.

ग्रामीण भागात जळालेली डीपी 48 तासांत बदलायची असते. पण 48 तास कधीपासून? तक्रार नोंदल्यापासून. ठरलेल्या वेळेत सेवा मिळाली नाही, तर कलम 57 प्रमाणे ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद आहे. पण तक्रार क्रमांक नसेल तर उशीर किती झाला हे सांगणार कसं?

नवीन कनेक्शनचं तसंच. केंद्राच्या 2024 च्या दुरुस्तीनंतर ग्रामीण भागासाठी मुदत 15 दिवसांची आहे. नवे खांब, नवी लाइन टाकावी लागणार असेल तर गोष्ट वेगळी. पण मोजणी सुरू होते पूर्ण अर्ज पोचल्यावर. बाबांचा अर्ज आठवतोय ना?

थकबाकीसाठी वीज तोडायची असेल, तर कलम 56 प्रमाणे किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून "आज रात्री साडेनऊला तुमची लाईट कापणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला की ओळखा, ही फसवणूक आहे. लिंक उघडायची नाही, सांगितलेलं अ‍ॅप टाकायचं नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन. गावात ऑफिस असलं की माणूस तिथे जाऊन विचारतो. नसलं की तो घाबरून त्याच नंबरवर फोन करतो.

आणि बिलच चुकीचं असेल तर? रीडिंग न घेता भलतंच बिल आलं, तर त्याच कलमात एक मार्ग आहे. वाद सुटेपर्यंत मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी ती निषेध नोंदवून भरली, तर वीज तोडता येत नाही. "निषेध नोंदवून" हे शब्द लेखी हवेत. तोंडी सांगितलेलं धरलं जाणार नाही.

मग आपली पोच आपणच कशी करायची?

एक, फोन लाईनमनला करा, पण तक्रार 1912 वर किंवा महावितरणच्या अ‍ॅपवर सुद्धा नोंदवा. क्रमांक मिळाला की स्क्रीनशॉट काढा.

दोन, कागद देताना दोन प्रती न्या. एक त्यांची, दुसरीवर शिक्का, सही, तारीख. "उद्या घेऊन जा" म्हणाले तर नाही म्हणायला लाजू नका.

तीन, जाणं जमत नसेल तर पोस्टाने पाठवा. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलेलं नाही, ते स्पीड पोस्टमध्ये मिसळलंय. काउंटरवर "स्पीड पोस्ट, नोंदणीसह" असं सांगा आणि पावती जपून ठेवा. पूर्वीच्या तारेचं काम आता हीच पावती करते.

चार, मीटरचा फोटो दर महिन्याला एकाच तारखेला काढा. दहा सेकंदांचं काम आहे, बिलाच्या भांडणात याच्यासारखा पुरावा नाही.

पाच, ऐकलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल. विदर्भासाठी त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच: तक्रार कधी केली होती, कागद दाखवा.

आणि गाव म्हणून करायची एक गोष्ट. ऑफिस हलणार असं कानावर आलं, तर ग्रामसभेत ठराव घ्या. "ऑफिस हलवू नका" एवढ्यावर थांबू नका. आठवड्यातून एक ठरलेला दिवस कर्मचारी ग्रामपंचायतीत बसावा, कागद घ्यावेत आणि पोच द्यावी, असं नेमकं मागा. ठराव कंपनीवर बंधनकारक नसतो, हे खरंय. पण गावाने कधी काय मागितलं याची ती नोंद असते, आणि पुढच्या प्रत्येक पत्राला जोडता येते.

अ‍ॅपला माझा विरोध नाही. मी स्वतः बिल फोनवरूनच भरतो. फक्त पूर्वी कागद जपायचं काम ऑफिसचं होतं, खिडकी गेली की ते आपल्यावर येतं. आणि घरात ते कोणी करायचं, तर ज्याच्या हातात स्मार्टफोन आहे त्याने. म्हणजे तुम्ही आणि मी.

आज एवढंच करा: घरच्या मीटरचा फोटो काढा, आणि फोनमध्ये "लाईट" नावाचं फोल्डर बनवा. शेजारच्या काकूंचंही करून द्या, त्यांचा ग्राहक क्रमांक बिलावर वरच असतो.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर पोच घेत राहा!