मावशींचा रविवार

आई पडली आणि खासबागच्या आमच्या घरी कायम राहणाऱ्या मावशी आल्या. माडीवरची खोली रिकामी केली, कपाटाची किल्ली दिली, पगार ठरला. सुट्टीचं मात्र कुणालाच सुचलं नाही. घरातलंच माणूस म्हटल्यावर कसली सुट्टी! मी स्वतः शनिवारी ऑफिसचा फोन आला तरी चिडतो.

कर्नाटकात घरकामाला किमान वेतन 2004 पासून आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2011 चा करार आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती सांगतो. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

तिसऱ्या रविवारी बाजाराचा गलका ऐकून मावशींनीच बायकोला विचारलं, "वैनी, जरा जाऊन येऊ काय?"

आता शनिवारी संध्याकाळीच त्या लेकीकडे जातात. रविवारची भांडी माझ्याकडे. कढई अजून नीट निघत नाही.