वाऱ्याला वाट हवी

मुंबईतल्या फणसवाडीच्या दक्षिणेला प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, आणि उत्तरेला सँडहर्स्ट रोड म्हणजे सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. दिवसभर हॉर्नच्या गजरात तुंबलेले हे दोन्ही रस्ते काढले गेले ते मुख्यतः वाऱ्यासाठी, हे आज सांगूनही खरे वाटत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले आणि मुंबई हादरली. दोन वर्षांत बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट, अंधाऱ्या वस्त्याच रोगाचे मूळ, अशी त्या काळची समजूत. मग पश्चिमेचा समुद्री वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून पूर्व-पश्चिम रुंद रस्ते आखले गेले. प्रिन्सेस स्ट्रीट १९०५ मध्ये खुला झाला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पुढे पक्के झाले, पण उजेड आणि वारा यांचा आग्रह काही चुकीचा नव्हता. चूक झाली ती दुसरीकडे. ट्रस्टने सुरुवातीच्या काळात घरे पाडली भराभर, बांधली सावकाश. उठवलेली माणसे शेजारच्या वाड्यांमध्येच कोंबली गेली.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी आग्रहाने मांडलेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मात्र आजही अभ्यासण्याजोगा आहे. तळमजल्याच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून उभी असता कामा नये. सोप्या हिशेबात, समोरची इमारत वीस मीटर उंच असेल तर मधे किमान दहा मीटर आभाळ मोकळे हवे. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती याच विचारातून उभ्या राहिल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स इथे फिरताना जो गारवा जाणवतो, तो झाडांचा आहेच, पण आधी त्या अंतराचा आहे. अंतर होते म्हणून झाडे लावता आली.

हा हिशेब विसरला की काय होते, ते गोवंडी-मानखुर्दने दाखवले. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉक्टर्स फॉर यू’च्या अभ्यासात तिथे क्षयाचे प्रमाण, जरा ऐसपैस बांधलेल्या पीएमजी कॉलनीच्या कितीतरी पट आढळले. खालच्या मजल्यांवर ऊन पोचतच नव्हते.

खिडकीतून काय दिसते, यानेही फरक पडतो. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तुलना केली. खिडकीबाहेर झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

आता फणसवाडीसारख्या भागात नवे उद्यान काढायला जागा आणायची कुठून? उत्तर पॅट्रिक गेडिस यांच्याकडे सापडते. १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे हे नगररचनाकार जुन्या वस्त्यांतून सरळसोट रस्ते घुसवण्याच्या विरोधात होते. मोडकळीला आलेली मोजकीच घरे काढा, तिथे चौक मोकळा करा, झाड लावा, बाकीची वस्ती जगू द्या, असे त्यांचे म्हणणे. चाळीच्या मधला चौक हेच तर करत असतो. मुलांचे क्रिकेट, वाळवणे, गणपतीचा मांडव, म्हाताऱ्यांच्या संध्याकाळच्या गप्पा, सगळे तिथेच. केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. चौक-गॅलऱ्या नसत्या तर तो कुठे भरला असता?

पुनर्विकासात पहिला बळी याच चौकाचा जातो. जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या योजनांना मोकळ्या जागांच्या नियमांत सवलत मिळते, खाली गाड्यांचे मजले येतात आणि नकाशात त्या मजल्यांच्या गच्चीवर, म्हणजे पोडियमवर, हिरवा रंग भरला जातो. त्या हिरवळीत वडा-पिंपळाची मुळे मावत नाहीत आणि गल्लीतल्या कुणाला तिथे बसताही येत नाही. जमिनीवर उरलेल्या झाडांचे बुंधे सिमेंटने गच्च आवळलेले असतात. खरे तर बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश २०१३ पासून आहे.

चाळीच्या पुनर्विकासाच्या बैठकीत कार्पेट एरिया, कॉर्पस निधी आणि भाडे यांवर रात्र-रात्र खल होतो. त्या बैठकीत बसणाऱ्यांनी बिल्डरला आणखी एक प्रश्न लेखी विचारावा: समोरची भिंत किती उंच, आणि ती आमच्या सर्वांत खालच्या खिडकीपासून किती मीटरवर?